अजून एक घेऊ, असू दे

मित्रांनो, मी एक जुना कॅमेरा आहे. सारायेवो शहरात, नदीपलीकडच्या चढावर झुल्फो फोटोग्राफरचं दुकान आहे, तिथे एका खिळ्याला मी लटकलेला असतो. अंगावर धुळीचा थर आहे, भिंगाला बुरशी लागली आहे, चामड्याचा पट्टा उंदरांनी कुरतडला आहे. त्याचं मला दुःख नाही. म्हातारपणी सगळ्यांचंच असं होतं. माझं दुःख वेगळं आहे. माझ्या पोटातला खटका ताणलेला आहे. फोटो काढायचा म्हणून एकदा तो ताणला गेला, आणि बटण कुणी दाबलंच नाही. लढाई संपली, तेव्हाची पोरं आज पोराबाळांची झाली, माझा खटका मात्र तसाच आहे.

माझा जन्म द्रेस्देन शहरातल्या एका कारखान्यात झाला. पांढरे अंगरखे घातलेल्या बायकांनी मला जोडलं. त्यांतल्या एकीची बोटं बर्फासारखी गार होती. तिने माझ्या पोटात एक छोटासा आरसा बसवला आणि तो नीट उचलला जातो की नाही, ते पुन्हा पुन्हा पाहिलं. त्या आरशाबद्दल तुम्हांला आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं सगळं त्याच्यावरच आहे. माझ्या मागच्या खिडकीला डोळा लावला की समोरचं जे दिसतं, ते या आरशामुळे. पण बटण दाबलं की आरसा टपकन वर जातो आणि खिडकीत अंधार होतो. म्हणजे ज्या क्षणी फोटो निघतो, नेमका त्याच क्षणी फोटोग्राफर आंधळा असतो. तो क्षण फक्त मला दिसतो. आणि मला तोंड नाही.

झुल्फोने मला त्रिएस्तेहून आणलं. त्या काळी आमच्याकडची माणसं सीमा ओलांडून तिथे जीन्सच्या पँटी आणि कॉफी आणायला जात. झुल्फोने मला कॉफीच्या पिशवीत पुरलं. सीमेवरच्या शिपायाने पिशवी दाबून पाहिली.

"काय आहे?"

"कॉफी."

"एवढी?"

"सासू राहायला आलीय, साहेब."

शिपायाने कपाळाला हात लावला आणि सोडून दिलं. माझ्या डब्याला अजून त्या कॉफीचा वास आहे.

मग माझे सुखाचे दिवस आले. लग्नं, सुंता, शाळेचे वर्ग, बर्फावर घसरून हसणारी पोरं. झुल्फोचा हात हलका होता. लोक म्हणत, झुल्फो रेड्याचाही नवरदेव करून दाखवेल. पण एका लग्नाने त्याला धडा शिकवला. खाटकाच्या मुलीचं लग्न होतं. बाप-लेकीचा फोटो झुल्फोने एकच घेतला, आणि त्यात बापाची पापणी मिटली. तोच आठवडा संपता संपता बाप हृदय बंद पडून गेला. घरात त्याचा दुसरा फोटो नव्हता. मग तोच भिंतीवर लागला, डोळे मिटलेला, लेकीशेजारी उभ्या उभ्या मेल्यासारखा. खाटकाचा मुलगा झुल्फोला पाहिलं की रस्ता ओलांडून पलीकडे जायचा.

तेव्हापासून झुल्फोला खोड लागली. कुणाचाही फोटो घेतला की तो हात वर करून म्हणे, "थांबा, थांबा. अजून एक घेऊ, असू दे." बाजारात त्याची टिंगल होई. हा स्वतःच्या मयतातही उठून बसेल आणि म्हणेल, अजून एक. त्याची बायको राझिया तर धारदार जिभेची होती. ती म्हणे, "फिल्म काय तुझ्या बापाने वावरात पेरलीय?" पण तिलाही ठाऊक होतं की गावातल्या प्रत्येक भिंतीवर डोळे उघडे असलेली माणसं आहेत, ती या खोडीमुळेच.

मग लढाई आली. भोवतालच्या डोंगरांवर तोफा चढल्या आणि आमचं शहर वाटीत सापडलेल्या माशीसारखं झालं. आत येता येईना, बाहेर जाता येईना. पाणी नाही, वीज नाही. कॉफी म्हणून लोक मसूर भाजून उकळू लागले. माझा धंदा मात्र बंद पडला नाही, वाढला. आमच्याकडे माणूस गेलं की त्याच्या नावाचा आणि फोटोचा कागद रस्त्यातल्या झाडांवर लावतात. मुसलमान असेल तर हिरवी चौकट, ख्रिस्ती असेल तर काळी. त्या वर्षी झाडं तोडून चुलीत गेली, तेव्हा कागद भिंतींवर आले. कधी कुणाची पाळी येईल याचा नेम नव्हता. म्हणून जिवंत माणसं चांगले कपडे घालून दुकानात येत आणि आपला फोटो आधीच काढून ठेवत.

"जरा बरा काढ रे झुल्फो," एक म्हातारी म्हणाली होती. "रस्त्यात लागायचाय. शेजारीण बघणार."

"हसा थोडं, आजी."

"दात कुठे आहेत हसायला?"

तिचे त्याने दोन घेतले. दुसरा जास्त बरा आला, तोच पुढे भिंतीवर लागला.

झुल्फोला एकच मूल होतं, अल्मासा. आठ वर्षांची, बडबडी, बापाच्या खांद्यावर चढून माझ्या खिडकीतून जग उलटसुलट पाहणारी. पाण्याच्या रांगेत कॅन घेऊन उभी असताना तोफगोळा पडला आणि मसुराच्या दाण्याएवढा लोखंडाचा तुकडा तिच्या पाठीत शिरला. बाहेरून जखम लगेच भरली. आत मात्र मूत्रपिंड सडत चाललं. डॉक्टरने झुल्फोला बाजूला घेऊन सांगितलं, "बाहेरच्या देशात असती तर एका सकाळचं काम होतं. इथे माझ्याकडे ना वीज, ना भूल. सुरी आहे, पण नुसत्या सुरीने मी खाटीकच."

आणि विमानं तर रोज येत होती. परक्या फौजांची ढेरपोटी विमानं विमानतळावर उतरत, पिठाच्या गोण्या खाली टाकत आणि इंजिनही बंद न करता निघून जात. येताना भरलेली, जाताना रिकामी. हे राझियाच्या घशाखाली उतरत नसे. ती खिडकीतून आकाशाकडे बघून म्हणायची, "वाऱ्याला जागा आहे त्यात. माझ्या पोरीला नाही."

एके दिवशी शेजारची यासेंका आली. ती त्या परक्या फौजेच्या एका कप्तानाची दुभाषी होती. या कप्तानाकडे तोफ नव्हती, त्याचं काम फोटोंचं. मदतीच्या विमानांचे फोटो काढून जगभर पाठवायचे, म्हणजे लोकांना पाझर फुटतो आणि आणखी पीठ येतं. त्याचा स्वतःचा फोटोग्राफर कावीळ होऊन परत गेला होता.

"काका, त्याला इथला माणूस चालेल," यासेंका म्हणाली. "फिल्म तो देईल. फोटो एकच महत्त्वाचा. विमानातून पीठ उतरतंय आणि त्याच विमानात सैनिक एका आजारी पोराला चढवतोय."

"कोणत्या पोराला?"

यासेंका खाली बघू लागली. "ते शोधायचंय. फार आजारी नको म्हणतो, बघवत नाही. पण अगदी धडधाकटही नको."

राझिया चुलीपाशी होती. ती उठून आली. "आणि ते पोर खरंच जाणार?"

"जाणार, राझियाकाकू. फोटो खरा असायला पाहिजे म्हणतो. एक जागा त्याने मिळवलीय. एकच. आईबापांना नाही."

"म्हणजे फोटो नसता, तर जागाही नसती."

"नसती," यासेंका म्हणाली. निदान ती खोटं बोलली नाही.

कप्तान चिलखती गाडीतून सकाळी आला. उंच, गोरा, बोलायला मऊ. वाईट माणूस नव्हता, हे मला सांगावं लागतं, आणि सांगताना माझा जीव जळतो. त्याने अल्मासाला न्याहाळलं. राझियाने जुन्या शालीची लोकर उसवून विणलेला पिवळा स्वेटर तिला घातला होता, केस विंचरून दोन वेण्या घातल्या होत्या. कप्तान यासेंकाशी काहीतरी पुटपुटला.

"काय म्हणतो?" राझियाने विचारलं.

"म्हणतो, गोड मुलगी आहे." यासेंका अडखळली. "पण जखम दिसत नाही. डोक्याला पट्टी बांधाल का?"

"जखम पाठीत आहे."

"पाठ फोटोत येत नाही, काकू."

राझियाने नवऱ्याकडे पाहिलं. झुल्फो माझ्यात फिल्म भरू लागला. मग तिने घरातली शेवटची धुतलेली पट्टी काढली आणि लेकीच्या चांगल्या डोक्याला गुंडाळली. अल्मासा खुदखुदत होती. "आई, सगळं दुखतंय, फक्त डोकंच दुखत नाही!"

"गप. विमानात बसेपर्यंत डोकंच दुखतंय तुझं."

दारात राझियाने तिचं तोंड दोन्ही हातांत धरलं. रडली नाही. म्हणाली, "तिथे सकाळी उठलीस की दात घास. आणि वळून बघू नकोस. आधी चढ, मग बघ." त्या बाईइतकं शहाणं त्या दिवशी कुणीच बोललं नाही.

विमानतळावर वाळूच्या पोत्यांच्या भिंती होत्या आणि इंजिनांचा असा गदारोळ की माझे स्क्रू थरथरत होते. विमान उतरलं. मागचा दरवाजा जिभेसारखा खाली आला. पिठाच्या गोण्या धडाधड बाहेर पडल्या, पीठ उडून सैनिकांच्या पापण्या पांढऱ्या झाल्या. तिथला नियम एकच होता, आणि यासेंकाने तो झुल्फोला ओरडून सांगितला होता. गोळा पडला की विमान त्या क्षणी निघतं. कुणासाठी थांबत नाही.

लाल केसांच्या एका तरण्या सैनिकाने अल्मासाला उचललं. कप्तानाने अंगठा दाखवला. झुल्फोने मला डोळ्याला लावलं. सैनिक उताराच्या फळीवरून वर चढू लागला. अर्ध्यावर अल्मासाने मान वळवून बापाकडे पाहिलं, आणि झुल्फोने बटण दाबलं.

आरसा वर गेला. झुल्फो आंधळा झाला. मी पाहिलं.

आरसा खाली आला तेव्हा पंख्यांच्या वाऱ्याने तिची ती खोटी पट्टी सरकून डोळ्यांवर आली होती. सैनिक दोन पावलं आणखी वर गेला होता. आणखी दोन पावलं टाकली असती तर पोर आत होतं. झुल्फोच्या डोळ्यांपुढे त्या खाटकाची मिटलेली पापणी आली असणार. फोटो बिघडला तर कप्तान काय म्हणेल, जागाच काढून घेतली तर, असंही त्याला वाटलं असेल. किंवा काहीच वाटलं नसेल. हात सवयीचे गुलाम असतात. त्याच्या अंगठ्याने माझा खटका ताणला आणि दुसरा हात वर गेला.

"थांबा! अजून एक घेऊ, असू दे!"

भाषा कळली नाही तरी हात कळतो. सैनिकाने कप्तानाकडे पाहिलं. कप्तानालाही दुसरा हवाच होता, त्याने मान डोलावली. सैनिक अल्मासाला घेऊन पुन्हा खाली आला, अगदी फळीच्या पायथ्याशी. तिने एका हाताने पट्टी वर ढकलली आणि हसत ओरडली, "बाबा, डोळे उघडे होते माझे! खरंच!"

तेवढ्यात धावपट्टीच्या टोकाला पहिला गोळा पडला.

मित्रांनो, पुढचं फार लवकर झालं. आतला माणूस हात हलवू लागला, फळी उचलली जाऊ लागली. पोरीला घेऊन फळी गाठणं आता शक्य नव्हतं. लाल केसांच्या सैनिकाने तिला बापाच्या छातीवर जवळजवळ फेकलं आणि स्वतः उडी मारून फळी पकडली. कुणीतरी त्याला आत ओढलं. मी बाप-लेकीच्या मधे चेंगरलो होतो. माझ्या भिंगाला तिचा पिवळा स्वेटर चिकटला होता आणि मला फक्त पिवळं दिसत होतं. विमान गेलं. त्याच्या पोटात वारा होता.

पोत्यांच्या आडोशाला कप्तानाने रोल मागितला. झुल्फोने तो गुंडाळून काढला आणि दिला. कप्तान यासेंकाकरवी म्हणाला, "उद्या. उद्याच्या विमानात नक्की."

घरी राझियाने शेजारणींना बोलावलं होतं. लढाईच्या आधीची मूठभर खरी कॉफी तिने ज्या दिवसासाठी लपवून ठेवली होती, तो हाच दिवस, असं तिला वाटलं होतं. चिमुकल्या पेल्यांचं तबक मधे होतं, एक पेला जास्तीचा, अचानक कुणी आलं तर म्हणून, जसा आमच्याकडे नेहमी ठेवतात. दार उघडलं आणि झुल्फो लेकीला पाठुंगळी घेऊन आत आला.

"विमान आलं नाही?" राझियाने विचारलं.

"आलं."

"मग?"

झुल्फोने लेकीला पाठीवरून उतरवलं. अल्मासाच बोलली. तिला बिचारीला ती गंमतच वाटत होती. "मी चढले होते, आई. बाबा म्हणाले, अजून एक घेऊ."

शेजारणी पेले खाली ठेवून एकेक करून निघून गेल्या. राझियाने त्या दिवशी नवऱ्याला शिवी दिली नाही. तिची ती धारदार जीभ मी पुन्हा त्याच्यावर चाललेली ऐकली नाही, आणि त्यापेक्षा मोठी शिक्षा तिला सापडली नसती.

दुसऱ्या दिवशीही गोळे पडत राहिले, तिसऱ्या दिवशीही. विमानतळ बंद झाला. तो उघडेपर्यंत अल्मासाचे पाय सुजले, मग तोंड सुजलं, मग ती बापाला ओळखेनाशी झाली. तिला फुटबॉलच्या मैदानाच्या कडेला पुरलं, कारण कबरस्तानात जागा उरली नव्हती.

विमानं पुन्हा सुरू झाल्यावर कप्तान आला. त्याच्या हातात चॉकलेट होतं आणि एक गुळगुळीत मासिक. त्याच्या पानभर अल्मासा होती. सैनिकाच्या खांद्यावरून मागे वळून बघणारी, डोक्याला पट्टी, डोळे टक्क उघडे. खाली परक्या भाषेत एक ओळ होती.

"काय लिहिलंय?" राझियाने विचारलं.

"मृत्यूच्या दाढेतून सुटका," यासेंका हलकेच म्हणाली. "कप्तान विचारतो, आता कशी आहे ती? म्हणतो, या फोटोमुळे पिठाचा पूर लोटलाय."

राझियाने मासिक घेतलं आणि कात्री आणली. आई आठवण म्हणून फोटो कापून ठेवते आहे, असं वाटून कप्तान हसला. तिने नुसता चेहरा कापला. सैनिकाची बोटं लेकीच्या खांद्यावर होती, ती तशीच राहू दिली, कारण बोटं कापायची तर खांदाही कापावा लागला असता. मग तिने मांडणीवरून हिरव्या चौकटीचा कागद काढला. नाव लिहून झालं होतं. फोटोची जागा रिकामी होती. गावभराचे फोटो काढून ठेवणाऱ्या झुल्फोने आपल्या लेकीचा तेवढा काढला नव्हता, त्याला अपशकुन वाटायचा.

कप्तानाचा चेहरा उतरला. त्याने शिरस्त्राण काढून हातात धरलं. मग यासेंकाला काहीतरी म्हणाला. ती ते बोलायला तयार होईना, त्याने पुन्हा सांगितलं.

"म्हणतो," यासेंका रडत होती, "हे कृपा करून कुठल्या वार्ताहराला सांगू नका. लोकांचा विश्वास उडेल. पीठ यायचं थांबेल."

राझिया खळ लावत होती. मान वर न करता म्हणाली, "त्याला म्हणावं, काळजी करू नको. पिठाविरुद्ध मी तोंड उघडणार नाही. खायचंय मला."

कागद चढावरच्या भिंतीवर लागला. जाणारेयेणारे थांबत, वाचत, आणि हमखास कुणीतरी विचारी, "डोक्याला लागलं होतं वाटतं पोरीच्या?" राझिया म्हणे, "हो."

विमानतळावरच्या त्या दिवसापासून झुल्फोने मला हात लावला नाही. लढाई संपल्यावर त्याने दुसरा कॅमेरा घेतला. लग्नं पुन्हा होऊ लागली, पण तो माणूस आता एकच फोटो काढतो. नवरीने डोळे मिटले तर मिटले. लोक विनवतात, "उस्ताद, अजून एक घ्या हो," तेव्हा तो कॅमेऱ्यावर झाकण ठेवतो. परवा एका गिऱ्हाईकाने मला खिळ्यावरून काढलं आणि सहज बटणावर बोट ठेवलं. म्हातारा झुल्फो असा किंचाळला की त्या माणसाने मला जवळजवळ टाकलंच. त्या बटणाच्या पलीकडे अल्मासा अजून फळीच्या पायथ्याशी हसत उभी आहे, आणि बटण दाबलं तर ती जाईल, असं काहीतरी त्याच्या डोक्यात बसलं आहे. म्हणून माझा खटका ताणलेलाच आहे. आता बटण दाबलं तरी तो सुटायचा नाही, इतका गंजला आहे.

मित्रांनो, तुम्ही एकाच तोंडाचे वीस-वीस फोटो काढता, खुशाल काढा. म्हाताऱ्या यंत्राचं एवढंच ऐका. कॅमेरा ठेवून देताना त्याचा खटका उतरवून ठेवा, ताणलेलं काहीही फार दिवस तसं ठेवू नये. आणि ज्याचा एक पाय फळीवर पडला आहे, त्याला मागे बोलावू नका, कारण कितीही चांगलं असो.

झुल्फो अजून कधी कधी संध्याकाळी दिवा न लावता माझ्यासमोर बसतो आणि विचारतो, "तुला तर तेव्हाच दिसलं असेल ना रे?" हो, झुल्फो. पहिल्याच वेळी. तिचे डोळे उघडे होते.